बाबा स्टिअरिंग सोडत नाहीत

शुक्रवारची संध्याकाळ. आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात एकच विषय चाललेला. टीममधल्या एकानं नवी एसयूव्ही बुक केली होती आणि तिचं स्टिअरिंग म्हणे एका बोटानं फिरतं. लेन सुटली तर गाडी स्वतःच आपल्याला परत आणते वगैरे वगैरे. सगळे 'वॉव' म्हणत असताना माझा फोन वाजला. बुलढाण्याहून आई.

"अगं, तुझ्या बाबांची गाडी राजूर घाटात वळली ती सरळच होईना. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगते."

आईची वाक्यं अशीच असतात. मी वीकेंडचे सगळे प्लॅन गुंडाळले आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट शोधायला लागले.

आता थोडं बॅकग्राउंड. आमच्या बाबांचं बुलढाण्यात बिछायत केंद्र आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, बिछायत केंद्र म्हणजे मंडप, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या आणि हजार माणसांचा भात शिजेल असे मोठाले गंज भाड्यानं देणारं दुकान. हे सगळं वाहून नेते आमची 'दोनशेसात'. टाटा २०७ डीआय, २००६ साली घेतलेली, नंबर अर्थातच एमएच-२८. टेल्कोनं १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली, तिच्या खानदानातली ही. आता शोरूममध्ये मिळत नाही, पण आमच्याकडे लग्नसराईत कुठल्याही गावात जा, एखादी तरी पाल टाकून उभी असतेच. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, म्युझिक सिस्टिम म्हणजे मागे आपटणारे पाइप. माझी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, सगळं तिच्याच भाड्यावर झालंय. त्यामुळे तिला 'जुनी गाडी' म्हटलेलं मला चालत नाही. मी म्हटलं तर चालतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे घाट. आमचा जिल्हा दोन भागांत राहतो, घाटावर आणि घाटाखाली. सोयरीक जुळवतानासुद्धा आधी हेच विचारतात. बुलढाणा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे गाडीतून मलकापूरला उतरायचं, मोताळ्यावरून एसटीनं राजूर घाट चढायचा आणि मग घर. तो घाट मी लहानपणापासून शेकडो वेळा चढले असेन. त्या शनिवारी पहिल्यांदाच प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या हातांकडे बघत होते.

घडलं होतं ते असं. गाडीच्या स्टिअरिंगला 'प्ले' आला होता. म्हणजे चक्र थोडं डावी-उजवीकडे हलवलं तरी चाकांना पत्ताच नाही. बाबांनी ती एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, स्टिअरिंग बॉक्सच्या डोक्यावरचा एक स्क्रू पाना लावून कसला, दहा मिनिटांत प्ले गायब! चहाच्या पैशात काम झालं म्हणून बाबा खूश. पंधरा दिवसांनी मोताळ्याकडच्या एका लग्नाचं सामान घेऊन ते घाट उतरत होते. अवघड वळणावर चक्र फिरवलं, गाडी वळली. वळणानंतर आपण हात सैल सोडतो आणि स्टिअरिंग आपसूक परत येतं ना? ते आलंच नाही. अडकून बसलं. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून ते सरळ केलं तेव्हा पुढचं चाक कठड्यापासून हातभर अंतरावर होतं. मागे गाद्यांच्या ढिगावर कामाची तीन पोरं बसलेली. त्यातल्या एकानं उडी मारली, गुडघे सोलले. बाकी कुणाला काही नाही.

"अवं काही नाही झालं, कायले आली एवढ्या लांबून?" हे बाबांचं स्वागत. आणि लगेच, "गाडीच्या कामाले दोन दिवस लागतीन फक्त."

मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस लागोत नाहीतर दोन महिने. बॉक्सचं काय करायचं ते मी बघणार."

आता फंडा काय आहे तो सांगते, कारण तो कळल्याशिवाय खरेदी करणं म्हणजे एमआरएफचं टायर बघून विमान घेण्यासारखं आहे. तुमच्या-माझ्या हॅचबॅकमध्ये रॅक-पिनियन असतं, बॉक्स नसतोच. या गाड्यांमध्ये असतो. चक्राचा दांडा खाली एका लोखंडी डब्यात जातो. आत एक जाड आट्यांची सळई असते, तिला वर्म म्हणतात. तिच्यावर एक नट. दोघांच्या मधल्या खाचांतून स्टीलच्या छोट्या गोळ्या फिरत राहतात, एका टोकाने बाहेर पडतात आणि नळीतून पुन्हा आत येतात. नटाला दाते असतात, ते एका आडव्या शाफ्टच्या दात्यांत बसतात आणि त्या शाफ्टला बाहेरून जोडलेला ड्रॉप आर्म चाकांना ढकलतो. बस. तुमचा हात आणि रस्ता यांच्यामध्ये एवढंच.

मेख अशी की हा बॉक्स सगळीकडे सारखा झिजत नाही. आपण आयुष्यातला बहुतेक वेळ गाडी सरळच चालवतो. त्यामुळे दाते झिजतात ते मधले. कडेचे, म्हणजे पूर्ण वळणावर लागणारे, जवळजवळ नवे राहतात. वरचा स्क्रू कसला की दाते एकमेकांवर दाबले जातात. मधला सैलपणा जातो, पण कडेला जिथे झीज नाही तिथे ते आवळून बसतात. सरळ रस्त्यावर गाडी झकास, घाटात वळलं की जाम! त्या मेकॅनिकनं प्ले घालवला नव्हता. त्यानं तो फक्त घाटापर्यंत पुढे ढकलला होता.

हे मला समजावलं ते आमच्या चाचांनी. चाचा म्हणजे बाबांचे जुने मिस्त्री, आता डोळ्यांमुळे कामं कमी केलीत. बाबा त्यांच्याकडे गेले नव्हते, कारण ते "बॉक्स बदला" म्हणतील हे बाबांना माहीत होतं!

पण गंमत बघा, चाचांनी पहिल्यांदा बॉक्सला हातच लावला नाही. मला सीटवर बसवलं, इंजिन बंद, चाकं जमिनीवर. "बेटा, चक्र थोडं थोडं हलव. डावं, उजवं. जोर नको." आणि स्वतः गाडीखाली गेले. एक हात ड्रॉप आर्मवर, एक हात टाय रॉडवर. मग बाबांना बोलावून दाखवलं. ड्रॉप आर्म हलतोय, पण डाव्या चाकाकडचा बॉल जॉइंट ती हालचाल गिळतोय. त्याची रबरी टोपी फाटून आत माती गेलेली. नंतर बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट तपासले, चाकांची बेअरिंग हलवून पाहिली. शेवटी निकाल असा लागला की प्ले बॉक्समध्ये होताच, पण सगळा नाही. निदान दोन हिस्से बॉक्सचे, एक हिस्सा त्या जॉइंटचा. नुसता नवा बॉक्स बसवला असता तर पैसे देऊनही चक्र हलतच राहिलं असतं आणि आम्ही बॉक्सवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

किती प्ले चालतो? याला कायदा आहे बरं का. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की चक्रावरचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको आणि जॉइंटना रबरी टोप्या हव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. माझ्या मते हे फार उदार आहे. घाटात बारा ते एक म्हणजे खूप लांब. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, तिथे ही मर्यादा पार केली नाही म्हणजे बॉक्स चांगला आहे असं समजू नका. तुम्हीच चक्राच्या कडेला खडूची खूण करा आणि दर महिन्याला बघा. खूण सरकत असेल तर काहीतरी झिजतंय.

आणखी एक. आमच्या जिल्ह्यात या दोन दोषांची परीक्षा घ्यायला दोन वेगळे रस्ते आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तो आमच्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. तिथे सरळच सरळ रस्ता, आणि प्ले असलेली गाडी तिथे वेगात डोलायला लागते. आवळलेला बॉक्स मात्र तिथे साळसूदासारखा वागतो. तो पकडायचा असेल तर घाटच हवा. किंवा रिकामं मैदान, पूर्ण वळवून हात सैल सोडून बघायचं.

तर शॉपिंग! मला शॉपिंग आवडतं, पण हे वेगळंच प्रकरण होतं.

माझी स्वतःची आयडिया सगळ्यात भारी होती, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स टाकायचा. बाबांचं वय ६४, उजवा खांदा दुखतो, मंडपाच्या कामात गल्लीबोळात जागेवर उभी गाडी पिळावी लागते. (जागेवर पिळण्यानंच बॉक्स आणि जॉइंट मरतात, हे चाचांचं म्हणणं. चाक किंचित तरी फिरतं ठेवून मग चक्र फिरवायचं.) ईएमआय मी भरणार होते. चाचांनी मला संपूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, नुसता बॉक्स येत नाही. पंप हवा, तो इंजिनवर बसवायला ब्रॅकेट आणि पट्टा हवा, तेलाची टाकी, जाड दाबाच्या नळ्या. बॉक्सची बैठक वेगळी निघाली तर चेसिसला भोकं पाडावी लागतील. शिवाय कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, पासिंगला प्रश्न निघेल. हे सगळं मी कदाचित रेटलं असतं. पण मग चाचांनी बाबांकडे बघून विचारलं, "घाट उतरताना इंजिन चालू असते का?"

बाबा गप्प.

मला कळायला दोन मिनिटं लागली. जुन्या ड्रायव्हर लोकांची सवय असते, उताराला गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचवायला कधी कधी इंजिनच बंद करायचं. आमचे बाबा वीस वर्षं राजूर घाट असे उतरत होते! इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग साध्या स्टिअरिंगपेक्षाही जड. ब्रेकची मदतही दोन-चार दाबांत संपते. त्या दिवशी बाबांशी मी जे भांडले ते इथे छापण्यासारखं नाही. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती आणि एकदाही मध्ये पडली नाही, यावरून काय ते ओळखा.

पॉवरचा विषय बाद. मग उरला साधा बॉक्स, आणि त्यात चार वाटा. आपलाच उघडून नवे सील आणि बेअरिंग टाकणं. रिकंडिशन केलेला घेणं. भंगारातल्या गाडीचा काढून आणणं. किंवा नवा. भाव सांगत नाही, गावागणिक बदलतात. पण प्रमाण साधारण असं, की भंगारातला सगळ्यात स्वस्त, रिकंडिशनचा नव्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि नव्याचा आकडा ऐकून बाबा खुर्चीत सरळ झाले.

आपला बॉक्स चाचांनी उघडला. वर्मच्या खाचांत बोट फिरवायला लावलं मला. गुळगुळीत असायला हवं तिथे बारीक खड्डे लागत होते, देवीच्या वणासारखे. वरचा कडक थर उडाला की आत मऊ लोखंड, मग कितीही नवं बेअरिंग टाका, महिन्यात परत तेच. खाचा साफ असत्या तर चाचांनी आपलाच दुरुस्त केला असता, आणि तोच सगळ्यात शहाणा सौदा ठरला असता. म्हणजे "जुनं नको, नवंच घ्या" असा माझा धोशा नाही. आत काय आहे ते बघून ठरवा.

रविवारी खामगावच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही तिघं. जुना बॉक्स पोत्यात घालून सोबत नेलेला, हे फार महत्त्वाचं, कारण नावानं सगळे '२०७ चाच आहे' म्हणतात. काउंटरवर तीन बॉक्स आले. एक रिकंडिशन, ताजा काळा रंग, चकाचक. चाचांनी त्याचा दांडा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, मग माझ्या हातात दिला. मधोमध येताना एक बारीक कचका लागत होता. चांगला बॉक्स उलट मधोमध जरासा, अगदी जरासा, घट्ट लागतो आणि कडांना मोकळा. याचं गणित उलटं. रंग काय, कशालाही देता येतो.

दुसरा भंगारातला. त्याच्या शाफ्टच्या टोकावर हातोड्याच्या खुणा होत्या. दुकानदार म्हणाला, काढताना लागल्या असतील. असतीलही. पण ती गाडी भंगारात का गेली, धडकून गेली का, हे कोण सांगणार? शाफ्टला आतून तडा असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. क्लचप्लेट, दरवाजा, डायनॅमो भंगारातून आणा, मी काही बोलणार नाही. मी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार घालवणारी मुलगी आहे. पण तुटला तर हातात नुसतं चक्र राहील अशी वस्तू मला तिथून नको.

तिसरा नवा, खोक्यात. इथेही घाई नाही. खोकं ओळखीच्या कंपनीसारखं दिसतं म्हणून त्याच कंपनीचं असतं असं नाही. स्पेलिंग वाचा, लेबल बघा, खोक्यावरचा पार्ट नंबर बॉक्सवरच्या नंबराशी आणि आपल्या गाडीच्या मॉडेलशी जुळवा, पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून घेऊ नका. मग चाचांनी जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजामोज केली. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, शाफ्टवरच्या बारीक दात्यांची संख्या, दांड्याचा व्यास. आणि एक गोष्ट मला कधीच सुचली नसती, दोन्हींचे दांडे एकाच बाजूला फिरवून ड्रॉप आर्मचे शाफ्ट एकाच बाजूला फिरतात का ते पाहिलं. दुसऱ्या मॉडेलचा उलट्या आट्यांचा बॉक्स बसला तर चक्र उजवीकडे आणि गाडी डावीकडे! चक्राचे फेरेही दोन्हींचे टोकापासून टोकापर्यंत मोजले. फेरे कमी-जास्त निघाले तर बाबांच्या हाताला वीस वर्षांचा जो अंदाज आहे तोच चुकेल, वळणावर.

बाबा मात्र अजून रिकंडिशनकडेच बघत होते. "वर्षभर काढीन हा. पुढल्या वर्षी गाडीच विकू."

हे वाक्य मी पाच वर्षं ऐकतेय. मी काही बोलणार तेवढ्यात चाचांनीच विचारलं, "मागं पोरं बसवणं बंद करणार का?"

बाबांनी खिशातून पैसे काढले. अर्धे त्यांनी दिले, अर्धे मी. पूर्ण देते म्हटलं तर त्यांना चाललं नाही. बॉल जॉइंटची जोडीही घेतली, दोन्ही बाजूंची, एकच बदलायचा नाही.

फिटिंगला सोमवारचा अख्खा दिवस गेला. मी ऑफिसला 'फॅमिली इमर्जन्सी' असा मेल टाकला, जो शंभर टक्के खरा होता. नवा बॉक्स बसवण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजून, निम्मे उलटे फिरवून तो मध्यावर आणायचा, चाकं सरळ करायची, मगच ड्रॉप आर्म अडकवायचा. हे चुकलं तर एका बाजूला गाडी जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. ड्रॉप आर्म निघत नव्हता. पुलर लावून काढला. शेजारचा एक पोरगा गॅस कटरनं तापवू का म्हणाला, त्याला चाचांनी असा काही झापला की तो चहाच घेऊन आला. तापवलेला आर्म मऊ पडतो आणि घाटात वाकतो. शेवटी बॉक्समध्ये तेल, बोल्टना पाना, आणि पुढे अलाइनमेंट. चार-पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा कसायला यायचं, हे त्यांनी बाबांना नाही, मला सांगितलं. मी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावला. तो वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, आणि मीटिंग सोडून फोन केला. बाबा आधीच जाऊन आले होते!

संध्याकाळी ट्रायल. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारी ते, गाडी रिकामी, मागे कुणी नाही. राजूर घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर मी दुसरा गिअर टाकला, चक्र पूर्ण फिरवलं आणि हात सैल सोडले. चक्र सुळकन परत आलं. जड आहे, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी माझे दंड भरून आले होते. बाबा सगळा घाट उतरेपर्यंत गप्प होते. राजूर आलं तेव्हा म्हणाले, "न्यूट्रल नाही केली तू."

"नाही."

"डिझेल जाते त्यानं."

पोरांची व्यवस्था आता अशी आहे की ती एसटीनं किंवा मोटरसायकलवर पुढे जातात, तिकिटाचे आणि पेट्रोलचे पैसे बाबा देतात. रोज कुरकुरतात, पण देतात. न्यूट्रलचं मात्र मी खात्रीनं सांगू शकत नाही. आईनं एका पोराला गुपचूप लक्ष ठेवायला सांगितलंय.

आणि जुना बॉक्स? मंगळवारी सकाळी एक भंगारवाला गॅरेजवर आला, चांगले पैसे देत होता, वजनापेक्षा जास्त. बाबा देणारच होते. चाचांनी नको म्हटलं. ग्राइंडर चालू केला आणि वर्मचे दोन तुकडे केले, शाफ्टही कापला. मग भंगारवाल्याला म्हणाले, "आता ने. वजनाच्या भावात." तो हिरमुसून निघून गेला. तुकडे अजून आमच्या गोडाउनमध्ये गाद्यांच्या मागे पडलेत.